ब्रेक ऑइल उतरतंय, गळती दिसत नाही आणि मागून आवाज येतोय

जुनी_डिझेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी विशीच्या पुढची आहे. डिझेल इंजिन, चेसीवर बसवलेली बॉडी, ताकद मागच्या चाकांना. पुढे डिस्क, मागे ड्रम, एबीएस नाही. दोन तक्रारी आहेत आणि दोन्हींचा मेळ लागत नाहीये.

पहिली तक्रार ब्रेक ऑइलची. मॅक्सच्या रेघेपर्यंत भरलं की काही आठवड्यांत ते खाली आलेलं असतं. पण मिनच्या रेघेखाली कधीच जात नाही. दोन रेघांच्या साधारण मध्यावर येऊन थांबतं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा आजवर लागलेला नाही. मी परत भरतो, परत तेच. जमिनीवर एक थेंब नाही. चारही चाकांच्या आतल्या बाजूने टॉर्च मारून बघितलं, टायर कोरडे आहेत.

दुसरी तक्रार आवाजाची. मागून, डाव्या बाजूने येतो. सकाळी गाडी काढली की पहिल्या एक-दोन ब्रेकला ते चाक एकदम धरतं, मग सुटतं. नंतर हळू वेगात थांबताना घासल्यासारखा लांबट कर्रर्र आवाज. ब्रेक दाबला नाही तर आवाज नाही. हँडब्रेकही पूर्वीपेक्षा बराच वर ओढावा लागतो.

ज्यांच्याकडे गाडी देतो त्यांचं म्हणणं, पॅड झिजले की ऑइल खाली जाणारच. पुढचे पॅड बदलून घेतले. जुने खरोखर संपत आले होते, त्याबद्दल वाद नाही. पण ऑइल तसंच उतरतंय, मागचा आवाज तसाच आहे, आणि वर आता पुढून बारीक चीं ऐकू येते, ती आधी नव्हती. ब्रेकचं पेडल मात्र घट्ट आहे, हळूहळू खाली बसत नाही.

गाडीला इतर दुखणी आहेतच. रिव्हर्स टाकताना गिअर कुरकुरतो वगैरे. पण गिअरबॉक्सचं वय झालंय, तो विषय वेगळा.

आता सल्ला मिळतोय की मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइलवर दाब आणणारा मुख्य भाग) बदलून टाका. मला आधी कळायला हवं की ऑइल जातंय कुठे. चाक, ड्रम काढण्याइतकी पान्यांशी ओळख आहे. सुरुवात कुठून करू?

सुट्टीचा_मेकॅनिक

यात एवढा विचार करण्यासारखं काही नाही. डावा मागचा व्हील सिलिंडर (ड्रमच्या आत लायनर बाहेर ढकलणारा) गेलाय. त्याचं ऑइल ड्रमच्या आत उतरतं, म्हणून बाहेर थेंब दिसत नाही. तेच ऑइल लायनरला, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्टीला, लागतं, म्हणून सकाळी चाक धरतं आणि आवाज येतो. एका दगडात दोन पक्षी. दोन्ही बाजूचे व्हील सिलिंडर बदला, लाइनमधली हवा म्हणजे एअर काढा, झालं काम. लायनर नवे घ्यायची गरज नाही. पेट्रोलमध्ये बुडवून पेटवून द्या, ऑइल जळून जातं, पॉलिश पेपर मारा आणि बसवा.

पाना_बारा

सुट्टीच्या मेकॅनिकसाहेबांचा अंदाज चुकीचा म्हणणार नाही. अशा दहा गाड्या आल्या तर बहुतेकींत व्हील सिलिंडरच निघेल. पण या गाडीचं वर्णन मी दोनदा वाचलं आणि त्यात दोन गोष्टी त्या निदानात बसत नाहीत. प्रश्नकर्त्यांनी एक तर ओझरती लिहिली आणि दुसरी "विषय वेगळा" म्हणून बाजूलाच ठेवली.

आधी ते लायनर पेटवायचं. करू नका. लायनरमध्ये ऑइल खोलवर मुरतं. वरचं जळतं, आतलं राहतं, आणि ड्रम तापला की परत वर येतं. शिवाय लायनर पत्र्याला चिकटवलेला असेल तर तो चिकटवा आगीत कमजोर होतो. लायनर सुटून ड्रममध्ये अडकला तर चाक जाम. ऑइल लागलेला लायनर फेकायचा असतो, आणि जोडीने फेकायचा असतो. एकाच बाजूला नवा टाकला तर गाडी ब्रेकला ओढणार.

आता मुद्द्याचं. तुमचं ऑइल मध्यावर येऊन थांबतं. ब्रेकच्या सर्किटमध्ये गळती असेल तर ऑइल असं मध्येच थांबत नाही. व्हील सिलिंडर असो, पुढच्या डिस्कवर पॅड दाबणारा कॅलिपर असो, नळी असो, ते उतरतच राहतं, मिनच्या खाली जातं आणि लाल दिवा लावतं. थांबतंय याचा अर्थ जिथून जातंय त्या वाटेचं तोंड डबीत त्या उंचीवर आहे. त्याखालचं ऑइल त्या वाटेला मिळतच नाही.

तुमच्या गाडीचा क्लच वायरवर आहे की ऑइलवर? ऑइलवर असेल तर बॉनेट उघडा आणि ब्रेक ऑइलच्या डबीला कुशीतून एक बारीक रबरी नळी निघते का बघा. बऱ्याच गाड्यांत क्लचला वेगळी डबी नसते, ब्रेकच्याच डबीतून ही नळी क्लचच्या मास्टर सिलिंडरला जाते. तिचं तोंड मुद्दाम वरच्या बाजूला दिलेलं असतं. क्लच गळला तरी ब्रेकच्या वाट्याचं ऑइल शिल्लक राहावं, एवढ्यासाठी.

आणि म्हणूनच तुमच्या रिव्हर्सची कुरकुर हा वेगळा विषय नाही. डबीतली पातळी त्या तोंडाखाली गेली की क्लचच्या लाइनमध्ये हवा शिरते. पेडल पूर्ण दाबूनही क्लच पुरता सुटत नाही. पुढच्या गिअरांना सिंक्रो (दातांचा वेग जुळवणाऱ्या कड्या) असतात, ते सांभाळून घेतात. बऱ्याच जुन्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्सला सिंक्रो नसतो, म्हणून तक्रार आधी तिथे ऐकू येते. एक साधी परीक्षा करा. गाडी उभी, इंजिन चालू, क्लच लागोपाठ तीन-चार वेळा पंप करा आणि दाबून धरून रिव्हर्स टाका. आता कुरकुर न होता पडला तर गिअरबॉक्सला बोल लावू नका. हेही आठवून सांगा की ऑइल भरल्यावर काही दिवस रिव्हर्स बरा पडतो का.

क्लचचं ऑइल दोन ठिकाणी जातं. एक, पेडलच्या मागे. डॅशबोर्डखाली डोकं घालून क्लच पेडलच्या दांडीला बोट लावा, पायाखालचा कार्पेट उचलून बघा. मास्टरचं मागचं वॉशर गेलं असेल तर तिथे ओल असते. दोन, गिअरबॉक्सपाशी. तिथला छोटा स्लेव्ह सिलिंडर (ऑइलच्या दाबाने क्लच सोडवणारा) बाहेरून लावलेला असेल तर त्याच्या तोंडावरचं रबरी बूट एका कडेने उचला. आत दोन-चार थेंबांची ओल चालते असं काही जण सांगतात. माझ्या लेखी बूट कोरडंच हवं. बुटातून ऑइल ओघळलं की निकाल लागला. जमिनीवर थेंब का नाही, तर गिअरबॉक्सवर वर्षानुवर्षांचा चिकट मळ असतो, तो सगळं पिऊन टाकतो. खाली पत्र्याचं कव्हर असेल तर विचारायलाच नको.

आता मागचा आवाज. क्लचचं ऑइल मागच्या ड्रममध्ये जाणार नाही, हे उघड आहे. म्हणजे तिथे दुसरं काहीतरी चाललंय. दोन तक्रारींचं कारण एकच निघावं ही आपली हौस असते, गाडीला त्याचं काही पडलेलं नसतं.

ड्रम उघडा. पुढच्या चाकांना मागून-पुढून ठोकळे, जॅकवर उचलून चेसीखाली घोडी, मग हँडब्रेक सोडायचा. नुसत्या जॅकवर गाडीखाली हात घालायचा नाही. ड्रम निघत नसेल तर हातोडा मारण्याआधी त्याच्या तोंडावर आट्यांची दोन भोकं आहेत का बघा. त्यांत बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम आपण होऊन बाहेर येतो. तरीही अडला तर आतल्या कडेला झिजून ओठ तयार झालेला असतो. अॅडजस्टर (लायनर आणि ड्रममधलं अंतर ठरवणारं दातेरी चाक) मागे फिरवून लायनर आत घ्या. धूळ फुंकायची नाही, हवाही मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने टिपून घ्या, तोंडाला मास्क लावा.

आत ओल दिसली की लगेच "सिलिंडर गेला" म्हणू नका. मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत ड्रमच्या आत दोन प्रकारची तेलं येऊ शकतात. एक ब्रेक ऑइल, वर बसलेल्या व्हील सिलिंडरमधून. दुसरं डिफरन्शियलचं, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचं, गिअर ऑइल, ड्रमच्या मधोमध येणाऱ्या एक्सलच्या सीलमधून. ओळखायची रीत अशी: पारदर्शक ग्लासात पाणी घ्या आणि त्या ओलीचा थेंब काडीने त्यात सोडा. ब्रेक ऑइल ग्लायकॉल जातीचं असतं, ते पाण्यात विरून जातं. गिअर ऑइल वर तवंग धरून तरंगतं. वासही वेगळा. गिअर ऑइलला गंधकाचा उग्र दर्प असतो, एकदा घेतलात की विसरणार नाही. ओल कुठून खाली आलीये तेही बघा. सिलिंडरच्या दोन्ही टोकांची बुटं उचलून आत कोरडं आहे का पाहिलं की शंका उरत नाही.

पुढच्या चीं बद्दल थोडक्यात: पॅड बदलताना मागचे पातळ पत्रे आणि कॅलिपरच्या कंसातल्या क्लिपा परत बसवल्या का ते पाहा. बऱ्याचदा जुन्या पॅडबरोबर त्याही कचऱ्यात जातात. सरकपिना स्वच्छ करून त्यांना ब्रेकचंच ग्रीस लावायचं. साधं पेट्रोलियम ग्रीस तिथलं रबर फुगवतं. आणि पॅडच्या घासणाऱ्या तोंडाला काहीही लावायचं नाही.

मास्टर सिलिंडर सध्या विकत घेऊ नका.

सुट्टीचा_मेकॅनिक

क्लचची नळी माझ्या लक्षात आली नव्हती, मान्य. पण मास्टर सिलिंडर इतक्या ठामपणे कसा वगळला? मास्टर मागून गळला तर ऑइल बूस्टरच्या (व्हॅक्यूमवर पेडलचा जोर वाढवणारा डबा) पोटात जातं, बाहेर काहीच दिसत नाही.

पाना_बारा

वगळला नाही, रांगेत मागे ठेवला. तो मागून गळत असता तर पातळी मध्यावर थांबली नसती. तरी तपासणीला खर्च नाही, तेव्हा सांगून ठेवतो.

मास्टरच्या बुडाशी, जिथे तो बूस्टरला टेकतो, तिथला रंग बघा. ब्रेक ऑइल रंग खातं. रंग फुगलेला, सुटलेला किंवा खाली ओघळ उमटलेला असेल तर मास्टर मागून झिरपतोय. स्वच्छ असेल तरी पूर्ण खात्रीसाठी मास्टरचे दोन नट सोडून, लाइन न उघडता तो थोडा पुढे ओढायचा आणि मागे कागद लावून बघायचं. पेट्रोल गाडीत हे ऑइल बूस्टरच्या व्हॅक्यूम नळीतून इंजिनात ओढलं जातं आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. डिझेलला व्हॅक्यूमसाठी वेगळा पंप असतो, त्यामुळे धुराची खूण धरून बसू नका.

पेडलची परीक्षा वेगळी आणि तिचा अर्थही वेगळा. इंजिन बंद करा, व्हॅक्यूम संपेपर्यंत ब्रेक काही वेळा दाबा, मग जोर देऊन मिनिटभर धरून ठेवा. पेडल हळूहळू खाली सरकलं आणि बाहेर कुठेच ओल नसेल तर मास्टरच्या आतली वॉशरं ऑइल मागे सोडताहेत. त्यात डबीतलं ऑइल कमी होत नाही, हे लक्षात ठेवा. म्हणजे पेडल बसतं पण ऑइल तेवढंच आहे, तर मास्टर आतून गेला. ऑइल जातंय पण पेडल घट्ट, तर गळती बारीक आहे किंवा ब्रेकच्या सर्किटबाहेर आहे. तसंच पाय दाबून ठेवून इंजिन चालू करा. पेडल किंचित खाली गेलं की बूस्टर ठीक.

गळती कुठल्या चाकाला आहे ते शोधायला रबरी होज चिमटा लावून दाबायची रीत आहे. वीस वर्षं जुन्या होजवर ती करू नका. वरून ठीक दिसतो, आत अस्तर फाटतं. मग ऑइल जातं पण परत येत नाही आणि चाक धरून राहतं. म्हणजे शोधायला गेलात एक आणि पदरात पडलं भलतंच.

पोपटी_बॉनेट

माझ्या गाडीला पातळी कमी होणं खरंच पॅडमुळे होतं, म्हणून त्या गॅरेजवाल्यांना अगदीच मोडीत काढू नका. पॅड झिजला की पिस्टन बाहेर येतो, त्याच्यामागची जागा ऑइल भरतं. पण ते इतकं सावकाश होतं की हजारो किलोमीटर गेल्यावर फरक दिसतो. आणि नवे पॅड टाकताना पिस्टन मागे रेटले की तीच पातळी परत वर येते. मध्ये कोणी वरून ऑइल भरत राहिलं असेल तर तेव्हा डबी ओसंडून वाहते आणि फेंडरचा रंग जातो. तसं झालं तर लगेच भरपूर पाणी ओता, पुसत बसू नका.

एक सुचवतो: जुन्या गाडीत डॉट ५ जातीचं ब्रेक ऑइल टाकून द्या. ते पाणी शोषत नाही, रंगही खात नाही, कायमची कटकट मिटते.

पाना_बारा

पॅडबद्दल लाख बोललात. डॉट ५ बद्दल मात्र थांबा. डॉट ५ सिलिकॉनचं असतं. ते डॉट ३ किंवा ४ मध्ये मिसळत नाही, आणि जुनी लाइन पूर्ण रिकामी करून, रबरं बदलून केल्याशिवाय तो बदल करायचा नसतो. शिवाय ते पाणी शोषत नाही म्हणजे आत शिरलेलं पाणी थेंबाथेंबाने खाली जमतं आणि तिथेच सिलिंडर गंजवतं. डॉट ५.१ नावाचं जे मिळतं ते वेगळं, ग्लायकॉलचंच. नावात एवढं साम्य ठेवणाऱ्याला हात जोडावेत.

डबीच्या झाकणावर जे लिहिलंय ते टाका. बहुतेक डॉट ३ किंवा डॉट ४ असेल. कोरड्या डॉट ३ चा उकळबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस, डॉट ४ चा २३०. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की तेच अनुक्रमे १४० आणि १५५ वर येतात. लांब उतारावर ऑइल उकळून वाफ झाली की पेडल तळाला जातं, कारण वाफ दाबली जाते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायचं असतं. अर्धी वापरून सील उघडी राहिलेली जुनी बाटली वापरू नका.

आणि एक, ज्याने मी सगळ्यात जास्त ब्रेक वाया गेलेले पाहिले: कमी पडलं म्हणून इंजिन ऑइल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑइल ओतणं. खनिज तेलाने ब्रेकचं प्रत्येक रबर फुगतं, मास्टरपासून चाकापर्यंत. डबीच्या झाकणाआतला रबरी पडदा फुगून बसत नसेल, तर कोणीतरी हा पराक्रम केलाय असं समजा. मग एकेक भाग शोधत बसण्यात अर्थ नाही, सगळीच रबरं बदलायची. प्रश्नकर्ते, तुमचा तो पडदा कसा आहे?

जुनी_डिझेल

पडदा ठीक आहे, सहज बसतो.

पाना_बारा काका, बाकीचं सांगतो. क्लच ऑइलवरच आहे आणि डबीच्या कुशीतून नळी निघते. पातळी जिथे थांबते बरोबर तिथेच तिचं तोंड आहे. इतके दिवस रोज बॉनेट उघडून ती नळी बघत होतो. क्लच पंप करून रिव्हर्स टाकला, लोण्यासारखा पडला. आणि हो, ऑइल भरल्यावर काही दिवस बरा पडतो, हे तुम्ही विचारल्यावर जाणवलं. पेडलमागे कोरडं आहे. स्लेव्ह सिलिंडरचं बूट उचललं तर काळं ऑइल मनगटापर्यंत ओघळलं. खालच्या पत्र्यावर चिखलाचा थर होता, तो ओला होता.

मास्टरच्या बुडाशी रंग शाबूत. मिनिटभर पेडल धरलं, हललं नाही.

मग डावा ड्रम काढला. आत काळा चिकट लगदा, खालच्या अर्ध्या भागात जास्त. लायनर चकाकत होते, मागच्या टोकाला भिजलेले. मलाही आधी वाटलं सिलिंडरच. पण त्याची दोन्ही बुटं उचलून बघितली, आत कोरडं. थेंब पाण्यात टाकला, वर तवंग पसरला. वास तर काय सांगू. म्हणजे एक्सलचं सील. उजवा ड्रमही काढला, तिथे धुळीशिवाय काही नाही. आता सील बदलतो. अजून काही बघू का?

पाना_बारा

बघा. सील का गेलं ते आधी बघा, नाहीतर नवंही जाईल.

एक्सलच्या नळकांड्यावर, डिफरन्शियलच्या वरच्या अंगाला, एक छोटा ब्रीदर असतो. काही गाड्यांत बोटाएवढी टोपी, काहींत वर चेसीपर्यंत नेलेली नळी. आतलं ऑइल तापलं की हवा फुगते, ती तिथून बाहेर पडायला हवी. चिखलाने तो बंद झाला की दाब सीलवर येतो आणि ऑइल सीलच्या ओठाखालून बाहेर ढकललं जातं. ब्रीदर काढा, तोंडाने फुंकून बघा. हवा जात नसेल तर कारण सापडलं. नवा लावा किंवा हा साफ करून हवा खेळती आहे याची खात्री करा.

शाफ्ट बाहेर काढाल तेव्हा सील जिथे घासतं तिथे नख फिरवा. नखाला खाच लागली तर नवं सील तिथेही लवकर गळेल. अशा वेळी सील किंचित आत किंवा बाहेर बसवून ओठ नव्या जागी आणता येतो, जागा असेल तर. नाहीतर त्या जागेवर चढवायची पातळ स्टीलची बाही मिळते. बेअरिंगही हाताने हलवून बघा. बेअरिंग ढिलं असेल तर शाफ्ट डुगडुगतो आणि कितीही चांगलं सील टिकत नाही. चाक गाडीला असताना वर-खाली हलवून जेवढं कळतं त्यापेक्षा शाफ्ट हातात आल्यावर जास्त कळतं.

डिफरन्शियलचं ऑइल किती शिल्लक आहे ते तपासायचं विसरू नका. बाजूचा फिलर प्लग उघडला की भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल हवं. गाडी सपाट उभी असताना बघायचं. एकीकडे जॅकवर उचललेली असताना बघितलं तर खोटं दिसतं. इतकं ऑइल ड्रममध्ये आलंय म्हणजे तिथे कमी पडलेलं असणार, आणि कमी ऑइलवर चाललेला क्राउन-पिनियन (डिफरन्शियलच्या आतली मुख्य गिअरजोडी) दुरुस्त करणं ब्रेकच्या कामापेक्षा फार महागात जातं.

लायनर दोन्ही बाजूंचे नवे. उजवे कोरडे आहेत हे खरं, तरी जोडीनेच. ड्रमच्या आतल्या तोंडाला ब्रेक क्लीनर मारून पुसा. रॉकेल, डिझेल नको. त्याचा पदर राहतो आणि सिलिंडरच्या बुटांनाही लागतो. ड्रमवर आतला जास्तीत जास्त व्यास कोरलेला असतो, तेवढा झिजला असेल तर टर्निंगच्या (लेथवर घासून घेण्याच्या) भानगडीत न पडता बदला.

स्लेव्ह सिलिंडरला किट (फक्त आतली नवी रबरं) टाकायचं की नवा घ्यायचा हे आतला भाग बघून ठरवा. पिस्टन काढा, आतली भिंत उजेडाला धरा. गुळगुळीत असेल तर किट चालेल. खड्डे असतील, गंजाचे ठिपके असतील तर नवं वॉशर त्याच खड्ड्यांवरून घासणार. मी हल्ली किटच्या नादी लागत नाही, पण ती माझी आवड झाली. रबरं बसवताना ग्रीस नाही, स्वच्छ ब्रेक ऑइलच लावायचं.

क्लचची एअर काढताना आणि मग ब्रेकचं ऑइल बदलताना पेडल तळापर्यंत दाबू नका. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टरमध्ये वॉशरं रोज जेवढ्या पट्ट्यात फिरतात तेवढाच भाग गुळगुळीत असतो, त्यापुढे गंजाचा कंगोरा साचलेला असतो. एअर काढायच्या भरात पेडल तळाला नेलं की वॉशर त्या कंगोऱ्यावरून जाऊन कापलं जातं. पुष्कळ धडधाकट मास्टर "ऑइल बदलल्यावर अचानक गेले" ते असे गेलेत.

जुनी_डिझेल

ब्रीदर मातीने घट्ट बुजलेला होता, फुंकून काहीच जात नव्हतं. शाफ्टला खाच नाही, बेअरिंग घट्ट. सील, दोन्ही बाजूचे लायनर आणि नवा स्लेव्ह टाकला. डिफरन्शियलला बरंच ऑइल घ्यावं लागलं. क्लच आता पहिल्यापेक्षा वरच सुटतो, रिव्हर्स आवाज न करता पडतो. डबीवर पातळीपाशी चिकटपट्टी लावून ठेवली आहे, अजून तरी ऑइल पट्टीला सोडून हललं नाही.

पुढे खरंच क्लिपा नव्हत्या. लावल्या, चीं गेली.

मागे सकाळचं धरणं बंद झालं. पण ब्रेकचं पेडल आता आधीपेक्षा थोडं खालून लागतं आणि हँडब्रेक अजूनही बराच वर येतो. केबल ताणून घेऊ का?

पाना_बारा

केबलला हात लावू नका. लायनर ड्रमपासून लांब बसलेत म्हणून दोन्ही लक्षणं एकदम आलीत. एअर राहिली असती तर पेडल स्पंजासारखं लागलं असतं. खालून लागून मग घट्ट होतंय, म्हणजे फक्त अंतर आहे.

हँडब्रेक पूर्ण सोडा, केबल ढिली आहे ना बघा. मग ड्रममागच्या खिडकीतून अॅडजस्टरचं दातेरी चाक फिरवा, चाक हाताने अडेपर्यंत. तिथून थोडं मागे घ्या, चाक मोकळं फिरून हलकंसं घासल्याचा आवाज येईपर्यंत. दोन्ही बाजू सारख्या. मग ब्रेक काही वेळा दाबून परत चाक फिरवून बघा, कारण लायनर मध्यावर बसले की अंतर बदलतं. एवढं झाल्यावर हँडब्रेक किती दातांवर धरतो ते बघा आणि तेव्हाही जास्त असेल तरच केबल घ्या. आधी केबल ताणली तर लायनर कायम थोडे बाहेर ढकललेले राहतात, अॅडजस्टर आपलं काम करत नाही आणि ड्रम तापतो.

नवे लायनर पहिले काही दिवस पूर्ण गोल टेकत नाहीत, थोडा घासल्याचा आवाज येईल. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून हलके हलके ब्रेक मारून गाडी हळू करा, मध्ये थंड होऊ द्या. फिरून आल्यावर चारही चाकांच्या जवळ हात नेऊन बघा, रिमला चिकटवू नका. एखादं बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम लागलं तर अॅडजस्टर तिथे एक-दोन दात मागे घ्या. आणि पुढच्या वेळी चाकं काढाल तेव्हा उजव्या बाजूचं एक्सल सीलही बघा. बुजलेल्या ब्रीदरचा दाब त्याच्यावरही तेवढाच आलेला आहे.